घरटी एक विळी

आमच्या घरात नऊ नारळ होते आणि विळी एकही नव्हती.

नारळ सत्कारांचे. आम्ही घरात तिघी, आणि दोन वर्षांत आमचे तीन सत्कार झाले. पहिला आम्ही या घरात राहायला आलो म्हणून, दुसरा सहा महिने टिकलो म्हणून आणि तिसरा महिला दिनाला, आम्ही महिला आहोत म्हणून. दर वेळी शाल, श्रीफळ आणि ‘तुम्ही आमच्यासाठी प्रेरणा आहात’ हे वाक्य. मी सतरा वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. मोठमोठ्या लोकांच्या प्रस्तावना वाचण्यालायक केल्या. तेव्हा कोणी साधं गुलाबाचं फूल दिलं नाही. आता सकाळ-संध्याकाळ वेळेवर गोळ्या घेते म्हणून मला व्यासपीठावर बसवतात आणि माइकवर माझं कौतुक करताना आवाज खाली आणतात, जणू मी शेजारच्या खोलीत झोपले आहे.

शालींचे आम्ही पडदे केले. नारळ स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीने मांडले. शेंड्या आमच्याकडे करून ते बसलेले असत, आमचं मूल्यमापन करायला आलेल्या समितीसारखे.

आम्ही तिघी मनोरुग्णालयातून आलेल्या. मी तिथे नऊ वर्षं होते. छापखान्यातल्या चुका कोणीतरी मुद्दाम माझ्यासाठी सोडतंय, त्यांतून मला निरोप पाठवतंय, असं मला वाटू लागलं होतं, आणि त्या निरोपांना मी उत्तरं द्यायला लागले तेव्हा भावाने मला तिथे नेलं. नऊपैकी पहिली दोन वर्षं आजारात गेली. उरलेली सात, न्यायला कोणी येईना म्हणून. भाऊ गेला, घर विकलं गेलं, आणि कागदावरच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं परत येत राहिली. बरं झालेल्या माणसाला घराबाहेर काढणं सोपं असतं, रुग्णालयाबाहेर काढणं अवघड.

मग एका संस्थेने कोपरखैरण्याच्या जुन्या गावठाणात ही जागा भाड्याने घेतली. खाली मालकीण राहते, वर आम्ही. मालकीण साठीची. पहाटे बंदरावर जाऊन मासळी आणते आणि दुपारपर्यंत गल्लीच्या तोंडाशी बसून विकते. आमच्यातली एक मूळची साताऱ्याकडची. तिचा नवरा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचा. तिला आम्ही काकू म्हणतो. ती आता त्याच मार्केटात लसूण निवडायला जाते. दुसरी आमची धाकटी, बत्तीस वर्षांची. तुर्भ्याच्या एका कारखान्यात खोकी भरते. मी घरी बसून मुद्रितं तपासते. आता चुका मला काही सांगत नाहीत, फक्त चुकलेल्या असतात.

दाराच्या आतल्या बाजूला घराचे नियम चिकटवले होते. चौथा नियम असा: घरात सुरी, विळी, कात्री, कोयता ठेवू नये. नियम मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. धाकटी बाराही महिने पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची, आणि का घालायची ते आम्हा दोघींना माहीत होतं. ते दिवस मागे पडून चार वर्षं झाली होती. पण नियम तिच्यासाठी होता, हे न बोलता घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

त्यामुळे आम्ही हाताने रांधायचो. भेंडी मोडायची, गवार मोडायची, पालक खुडायचा, कोबी पानापानाने सोलून फाडायचा. कांदा वरवंट्याखाली चेचायचा. वरवंटा चालत होता. चांगला चार किलोचा दगड, पण तो धारदार नाही म्हणून नियमात बसत नव्हता. वरवंट्याने काय काय करता येतं हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं, आणि आम्हीही ते आणून दिलं नाही. दुध्याला आणि सुरणाला मात्र आमच्या घरात प्रवेश नव्हता.

एवढ्यावर चाललं असतं. पण पहिल्याच हिवाळ्यात गल्लीत एक लग्न निघालं, आणि मला इथली रीत कळली.

लग्नघरचं जेवण करायला इथे आचारी असतो, मांडववाला असतो, सगळं असतं. तरी आदल्या सकाळी गल्लीतल्या बायका मांडवाखाली जमतात आणि नारळ खवतात, कांदे चिरतात. बोलावणं करायला एक बाई दारोदार फिरते आणि ओरडते, “घरटी एक बाई, एक इली!” म्हणजे प्रत्येक घरातून एक बाई आणि तिची स्वतःची विळी. लग्नघरची विळी कोणी वापरत नाही. मी गॅलरीतून पाहत होते. फडक्यात गुंडाळलेल्या विळ्या काखेत मारून बायका निघाल्या होत्या, म्हाताऱ्या, तरण्या, एक पोटुशीसुद्धा. ओरडणारी आमच्या जिन्यापाशी आली, वर पाहिलं, आणि पुढच्या दारात गेली. पुढच्या दारातल्या बाईने विचारलं, “वरच्या?” ती म्हणाली, “त्यांच्याकडं नाय.”

आमच्याकडे विळी नाही, की आमच्याकडे बाई नाही, हे तिने सांगितलं नाही.

मी पुष्कळ पुस्तकं वाचलेली बाई आहे. समाज, व्यक्ती, बहिष्कार यांवर मला चार पानं लिहिता येतील. पण त्या सकाळी मला फक्त एवढंच वाटलं की आपण त्या मांडवात बसून नारळ खवावा. गल्लीत सतरा घरं होती. आमचं त्यांत धरत नव्हते. इथे राहायला येऊनही आमचं अजून घर झालं नव्हतं. तो रुग्णालयाचा एक वॉर्ड होता, फक्त पडदे भरजरी.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी काकूला खोबऱ्याची तल्लफ आली. फळीवरचा एक नारळ तिने वरवंट्याने फोडला. फुटला छान. पण पुढे? करवंटीतून खोबरं काढायचं कशाने? चमच्याचा दांडा वाकला. मग आम्ही तिघींनी एकेक तुकडा घेतला आणि जमिनीवर बसून दातांनी कुरतडायला लागलो. तेवढ्यात मालकीण पाण्याच्या मोटरचं विचारायला वर आली आणि दारातच थबकली.

“आगं बायांनो, उंदरांवानी काय कुरतडताव?”

“विळी नाही,” मी म्हटलं.

“मोडली?”

“नव्हतीच.”

“दोन वर्सं घरान इली नाय? मंग जेवताव काय?”

मी दारामागचा कागद दाखवला. तिने वाचला. सावकाश, एका बोटाने ओळ धरून. मग तिची नजर धाकटीकडे गेली आणि तिथून लगेच काढून घेतली. ती खाली गेली आणि हातात विळी घेऊन परत आली. जुनी, पाटाचं लाकूड काळं पडलेलं, पातं घासून घासून निमुळतं झालेलं, टोकाला खवणीचे दाते.

“माझे सासूची हाय. मी नवी घेतली. ही पडून हाय. घ्या.”

हात पुढे करावासा वाटला, पण मी म्हटलं, “आधी परवानगी घ्यावी लागेल. अर्ज करते.”

“इलीला अर्ज?” ती काकूकडे वळली. “ही बाय लई शिकलेली हाय नाय?”

“तेच तर दुखणं हाय तिचं,” काकू म्हणाली.

अर्ज लिहिण्याआधी मला धाकटीला विचारायचं होतं. संध्याकाळी ती दुसऱ्या दिवशीच्या कामाचे कपडे घडी करत होती. मी दारात उभी राहिले.

“ताई, तो नियम माझ्यामुळेच आहे ना?” तिनेच विचारलं.

“हो.”

“मग मला विचारायला आलात.”

“हो.”

तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “लिहा. पण मी हात लावणार नाही. चिरायचं तुम्ही दोघींनी. मी निवडीन.”

अर्ज मी लिहिला आणि सत्तावीस वर्षांत इतकी काळजी कुठल्या मजकुराची घेतली नव्हती. ‘स्वावलंबन’, ‘सक्षमीकरण’ असे शब्द घातले, कारण संस्थेला ते आवडतात. मग ते खोडले आणि लिहिलं, ‘आम्हांला दुधी खायचा आहे.’ खाली तिघींच्या सह्या.

संस्थेतर्फे आमच्याकडे एक मॅडम येतात. वयाने माझ्या मुलीसारख्या, कामाने वाकलेल्या, भल्या. त्यांनी अर्ज समितीपुढे नेला. महिन्याभराने उत्तर आलं. परवानगी मिळाली, पण विळी घरात राहणार नाही. ती मालकिणीकडे राहील. सकाळी अकराला आणायची, संध्याकाळी सहाच्या आत परत करायची, आणि वहीत नोंद करायची: घेतली, दिली, सही.

हसू नका, आम्हाला आनंद झाला. त्या दिवशी दुधी केला. काकूने तो इतका बारीक चिरला की शिजून नाहीसा झाला.

मालकिणीला मात्र हा प्रकार पटला नाही. “मी काय इलीची बँक हाय?” असं ती रोज म्हणायची आणि वही पुढे ओढायची. तिला सही येते, पण आमच्या वहीत ती सहीच्या रकान्यात एक मासा काढायची. कधी पापलेट, कधी बोंबील, त्या दिवशी जो जास्त विकला गेला तो. मॅडम दर शुक्रवारी वही तपासायच्या. माशांबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आदर करते.

आणि मी, सांगायला लाज वाटते, या परतीच्या कामात पटाईत झाले. रुग्णालयात जेवणानंतर चमचे मोजत. आकडा जुळल्याशिवाय कोणी उठायचं नाही. एकदा एक चमचा दीड तास सापडला नव्हता आणि आम्ही चाळीस बायका भिंतीला पाठ लावून, हात गुडघ्यांवर ठेवून बसून होतो. तो चमचा कोणाच्या तरी ताटाखाली होता. असली शिस्त अंगात मुरते. पावणेसहा वाजले की मी विळी धुवायची, पुसायची, फडक्यात गुंडाळायची आणि जिना उतरायची. कधी एक मिनिट उशीर नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी अशीच उतरले आणि मालकिणीच्या दाराला कुलूप.

उरणकडे तिच्या भाचीची हळद होती, दुपारीच ती गेली होती. सांगायचं राहिलं. फोन लावला. हळदीत फोन कोणाला ऐकू येणार? विळी वर नेली तर नियम मोडतो. पायरीवर ठेवून गेले तर धारदार वस्तू बेवारस. नियम मोडला तर समिती, समिती बसली की घर जाणार, आणि मग आम्ही तिघी पुन्हा भिंतीला पाठ लावून. या सगळ्यावर मी शांतपणे विचार केला आणि मला एकच शहाणपणाचा मार्ग दिसला. मी पायरीवर बसले. विळी मांडीवर, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. वाट पाहायची.

हे बाहेरून कसं दिसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नियम पाळणारं माणूस स्वतःला फार शहाणं समजत असतं.

समोरच्या घरात गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष राहतात. निवृत्त गृहस्थ. गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीचे ते अध्यक्ष असतात. महिला दिनाला आमचे तीन नारळ त्यांच्याच हस्ते मिळाले होते. ते गॅलरीत आले.

“काय हो, काय चाललंय?”

“विळी परत करायची आहे.”

“कोणाला?”

“कुलूप आहे.”

“मग?”

“बसलेय.”

“किती वेळ?”

“येईपर्यंत.”

माझं एकेक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तरासरशी ते एक पाऊल मागे जात होते. मग ते आत गेले. त्यांनी नातवंडांना आत घेतलं, खिडकी लावली आणि संस्थेला फोन केला की तुमची बाई हत्यार घेऊन रस्त्यावर बसली आहे. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की गल्लीत माणसं जमायला लागली आहेत. दहा, पंधरा, वीस. सुरक्षित अंतर राखून. महिला दिनालाही इतके श्रोते नव्हते.

काकू जिन्यात येऊन उभी राहिली. “आवो बाई, उठा की वो! लोकं बघत्यात.”

“सहाच्या आत द्यायची आहे.”

“साडेसहा झाल्यात!”

“म्हणूनच.”

“आता काय बोलावं!” ती म्हणाली, पण गेली नाही. जिन्यातच, माझ्या मागच्या पायरीवर बसली. आता दोघी झालो.

मला भीती वाटली नाही असं नाही. मोबाइल वर झालेले दिसत होते. मला कळत होतं की उठायला हवं, पण उठून जायचं कुठे, याचं उत्तर नियमांत नव्हतं. हात गुडघ्यांवरून हलत नव्हते. कितीतरी दिवसांनी मला वाटलं की या सगळ्या माणसांना माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे जे मला माहीत नाही. ती वाट मला ओळखीची आहे. मी मनातल्या मनात गर्दीतल्या चपला मोजायला लागले.

तेवढ्यात तुर्भ्याहून धाकटी आली. खांद्याला डब्याची पिशवी. गर्दी पाहून ती आधी थांबली, मग वाट काढत पुढे आली. मला पाहिलं, विळी पाहिली, कुलूप पाहिलं. तिला सगळं कळलं. तिने तेच चमचे मोजलेले होते. ती माझ्या शेजारी बसली.

“ताई, घरी चला.”

“ही?”

“ही पण.”

“नियम आहे.”

“नियम माझ्यासाठी होता ना? मग मी सांगतेय. चला.”

आणि तिने माझ्या मांडीवरून विळी उचलली.

त्या क्षणी गल्लीत कोणी श्वास घेतला नसेल. निदान मी आणि काकूने तरी नाही. धाकटीने फडकं नीट केलं, विळी काखेत मारली, आणि दुसऱ्या हाताने मला उठवलं. लोकांनी वाट दिली. तिने जिन्यात मागे वळून गर्दीला विचारलं, “कोणाला काही हवंय का?” कोणाला काही नको होतं.

वर आल्यावर ती म्हणाली, “नारळ काढा.”

काकूने वरवंटा घेतला. पहिला नारळ नासका निघाला. दुसरा आत वाळून गोटा झालेला. तिसरा चांगला, पाण्याने भरलेला. धाकटीने बाह्या कोपरापर्यंत सारल्या. आमच्यासमोर तिने त्या कधी सारल्या नव्हत्या. पाटावर बसली, एक पाय दुमडून, आणि खवायला लागली. पहिले दोन-तीन फेर अडखळले. मग हाताला आठवलं. तिच्या आईकडे गौरीला एकवीस नारळ खवायचे, ते तिचं काम होतं, असं ती करवंटी फिरवता फिरवता सांगत होती. ताटात पांढरंशुभ्र खोबरं साठत होतं. मी गूळ किसायला घेतला.

मॅडम आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. मागे अध्यक्ष. दोघे स्वयंपाकघराच्या दारात उभे. मॅडमनी आधी धाकटीचा चेहरा पाहिला, मग उघडे हात, मग विळी.

“कोणी ठरवलं हे?” त्यांनी विचारलं.

“मी,” धाकटी म्हणाली. करवंटी फिरवायची थांबली नाही.

“मॅडम, मी केवळ काळजीपोटी—” अध्यक्षांनी सुरुवात केली.

काकूने त्यांच्या हातात गूळ-खोबऱ्याची वाटी दिली. “घ्या. तुमीच दिलेलं हाय. महिला दिनाचं.”

अध्यक्षांनी आयुष्यात अनेक नारळ दिले असतील, पण दिलेला नारळ खायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी. त्यांनी उभ्या उभ्या खाल्लं. “छान झालंय,” म्हणाले. त्यांचं माइकशिवाय ऐकलेलं ते पहिलं वाक्य. ते खरं होतं.

मॅडम खाली बसल्या. घोटभर पाणी प्यायल्या. मग त्यांनी नोंदवही मागितली. त्या दिवशीच्या ओळीत ‘घेतली’च्या रकान्यात माझी सही होती. ‘दिली’चा रकाना रिकामा. त्यांनी पेन उघडलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि लिहिलं, ‘घरीच.’ खाली स्वतःची सही केली. समितीला हे सांगताना त्यांना काय ऐकावं लागलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तीन आठवडे आम्ही धास्तावलेल्या होतो. धाकटी रोज रात्रीच्या जेवणाआधी विळी धुऊन, मिटून, भिंतीशी उभी करायची आणि म्हणायची, “आहे.” मग कागद आला: चौथा नियम या घरापुरता रद्द. मी तो कागद दोनदा वाचला. एकही दुरुस्ती सुचली नाही.

मालकीण हळदीहून दोन दिवसांनी परतली तेव्हा गल्लीने तिला सगळं सांगून झालेलं होतं. ती वर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आगं, मना वाटला तुमी ठेवाल घरान. इली कोन परत करतं काय?” मग माझ्याजवळ येऊन जरा हळू, “पायरीवर बसलीस म्हनं. थंडीन. येरी ती येरीच.”

येरी म्हणजे वेडी. नऊ वर्षांत हा शब्द मी डॉक्टरांच्या, नातेवाइकांच्या, वॉर्डातल्या बायांच्या तोंडून नाना तऱ्हांनी ऐकला होता. कोणी इतक्या मायेने म्हटला नव्हता. आणि त्या दिवसापुरता तो बिनचूक होता.

यंदाच्या मे महिन्यात मालकिणीच्या नातीचं लग्न होतं. आदल्या सकाळी बोलावणं करायला मालकीण स्वतःच निघाली. एकेका दाराशी तिचा आवाज येत होता, मासळी विकून कमावलेला आवाज. आम्ही तिघी आपापल्या कामात होतो आणि कोणीही काम करत नव्हतं. आवाज आमच्या जिन्यापाशी आला.

“घरटी एक बाई, एक इली! वरच्या पोरींनो, आयकताव ना?”

“आयकतोय!” काकू ओरडली. तिचा आवाज फाटला.

एकच बाई जाणार होती. काकू माझ्याकडे पाहून म्हणाली, “जा बाई तुमी. अर्ज तुमचा.” मला जायचं होतं. खूप जायचं होतं, इतकं की मी कपाटातून बरी साडी आदल्या रात्रीच काढून ठेवली होती. पण धाकटीने विळी फडक्यात गुंडाळायला घेतलेली होती. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विळी काखेत मारली आणि चपला घातल्या. बाह्या सकाळपासूनच वर होत्या.

मी गॅलरीत उभी राहिले. गल्लीतून बायका निघाल्या होत्या, प्रत्येकीच्या काखेत एक गाठोडं. वरून पाहताना आमची कुठली ते मला एका क्षणात ओळखू आलं नाही. मांडवात ती दोन बायकांच्या मधे बसली. त्यांतली एक अध्यक्षांची बायको. पुढ्यात नारळांचा ढीग. सतरा घरांच्या सतरा विळ्या होत्या, आणि आता अठरावी. सत्काराला मी कधी मान वर केली नव्हती, पण त्या सकाळी माझी मान गॅलरीच्या कठड्यावरून इतकी पुढे गेली होती की काकूने मागून माझा पदर धरून ठेवला.

ती दुपारी दोनला परतली. हातांना खोबऱ्याचा वास, केसांत पांढरे कण, आणि चेहरा लालबुंद.

“काय झालं?” आम्ही दोघी एकदम.

“समोरच्या काकू!” तिने विळी जवळजवळ आपटली. “म्हणे, करवंटीपर्यंत खरवडतेस, काळं उतरतं, तुला कोणी शिकवलं नाही का? सगळ्यांदेखत! आणि त्या स्वतः काय खवतात? अर्धं खोबरं करवंटीलाच. मी म्हटलं तसं.”

“म्हणालीस?”

“म्हणाले मग! गप्प बसू?”

“आणि?”

“आणि काय. म्हणाल्या, बरीच जीभ आहे गं तुला. संध्याकाळी कांद्याला ये म्हणाल्या.”

काकू ताट वाढायला वळली. मी मुद्रितं पुढे ओढली आणि एकच ओळ बराच वेळ वाचत राहिले. दोन वर्षांत धाकटीला कोणी एक चूक दाखवली नव्हती. सगळे तिच्यापासून प्रेरणा घेत होते.

ती मोरीशी बसून विळी धूत होती. खवणीच्या दात्यांत अडकलेलं खोबरं काडीने काढत, अजून पुटपुटत होती.

“पण काळं उतरत होतं का?” मी विचारलं.

तिने पाणी झटकलं, पातं मिटलं आणि विळी भिंतीशी उभी केली.

“थोडं,” ती म्हणाली.